तांडेलाच्या वेळेतला चोर

बरोबर नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी विमानाच्या पोटाखालची झडप उघडली आणि चारशे वीस पाकोळ्या ‘मेहराब’ चक्रीवादळाच्या तोंडी गेल्या. पुण्याच्या वादळवेध केंद्रात हेमांगी चोगले खुर्चीवरून उठली आणि चक्क टाळ्या पिटायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या इम्तियाज मुकादमनं कपाळावर हात मारून घेतला.

“चारशे वीस! अगं बाई, आकडा तरी दुसरा धरायचास. उद्या पेपरवाले आपल्याला चारसोबीस म्हणतील.”

“म्हणू देत! अरे, बघ तरी तिकडे. एक तरी पडली का? एक तरी?”

एकही पडली नव्हती. पाकोळी म्हणजे तळहाताएवढं, पातळ पंखांचं, खेळण्यातलं वाटावं असं विमान. त्याला ना इंजिन, ना पंखा. ते वाऱ्याशी भांडत बसत नाही, वाऱ्यावर बसून जातं, आणि जाईल तिथला दाब, उष्णता, वेग दर सेकंदाला कळवत राहतं. हेमांगीनं आयुष्याची सात वर्षं या चिमुकल्या विमानांच्या मागे घालवली होती. स्थळ घेऊन आलेल्या दोघांना तिनं ‘वादळ येतंय’ म्हणून दारातून परत पाठवलं होतं, आणि दोन्ही वेळा वादळ खरोखर आलं होतं.

आता हे वादळ नावाचं यंत्र चालतं तरी कसं, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल. मे महिन्यात अरबी समुद्र तापतो. पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर गेलं, आणि नुसतं वरवर नाही तर पन्नास मीटर खोल तापलं, की त्याची वाफ भराभर वर चढते. वर थंडाव्यात वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि तिनं सोबत नेलेली उष्णता तिथे मोकळी होते. त्या उष्णतेनं हवा आणखी जोरात वर जाते, खाली दाब उतरतो, आणि ती जागा भरायला चहूकडून वारा धावत सुटतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सरळ आत शिरत नाही, वळत वळत येतो आणि गोल फिरायला लागतो. आपल्याकडे घड्याळाच्या उलट. टॉर्नेडो हा निराळा प्रकार. तो जमिनीवरच्या ढगातून खाली लोंबणारा, काहीशे मीटरांचा आणि काही मिनिटांचा पाहुणा. हे धूड शेकडो किलोमीटरांचं, आठ-आठ दिवस जगणारं.

आणि या धुडाच्या मधोमध असतो डोळा. तिथे हवा वर न जाता खाली उतरते, म्हणून ढग नाहीत, वारा नाही. डोळ्याभोवती ढगांची भिंत, आणि सगळ्यात भयंकर वारं त्या भिंतीत. भिंतीची एक बाजू गावावरून गेली की डोळा येतो, लख्ख ऊन पडतं, माणसाला वाटतं सुटलो. मग भिंतीची दुसरी बाजू येते, आणि वारा उलट्या अंगानं झोडपायला लागतो.

पूर्वी हवामानाचे लोक ‘दुपारच्या सुमारास’ असं काहीतरी मोघम सांगायचे. पाकोळ्यांमुळे दोन हजार त्रेचाळीस सालच्या त्या मे महिन्यात पहिल्यांदाच प्रत्येक वाडीला तिचं स्वतःचं मिनिट मिळणार होतं. वादळात टिकणारे भोंगे प्रत्येक निवाऱ्यावर बसवले होते, आणि त्यातून हेमांगीच्याच आवाजात आकडे ऐकू येत होते. आवाज किनाऱ्यावरच्या माणसाचा असेल तर लोक ऐकतील, असा केंद्राच्या प्रमुख डॉक्टर नानिवडेकर बाईंचा होरा होता.

“वाघवेळ बंदर,” इम्तियाजनं वाचून दाखवलं. “डोळा अकरा बाराला येणार, अकरा पंचेचाळीसला जाणार. तेहतीस मिनिटं. तुझंच गाव ना गं?”

“माझंच.”

“मग पाचेक मिनिटं हाताशी ठेवून सांगूया का? अठ्ठावीस म्हणूया?”

“एकही नाही!” हेमांगी एकदम तडकली. हे भांडण तिनं नानिवडेकर बाईंशीसुद्धा दोन वर्षं घातलं होतं. आकडा निघेल तो जसाच्या तसा सांगायचा, भोंग्यावरून यंत्राच्या आकड्याशिवाय दुसरा आकडा जाता कामा नये, हा नियम तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. एकदा का लोकांना कळलं की हे राखून सांगतात, की लोक आपल्या मनानं वाढवायला लागतील, असं तिचं म्हणणं. आणि म्हणणं बरोबर होतं, हे पुढे दिसलंच.

वाघवेळमध्ये तिचे वडील होते. हरेश्वर चोगले. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे नौकेचा कप्तान. एकेकाळी त्यांनी आभाळाकडे बघून मान हलवल्याशिवाय बंदरातून एक होडी सुटत नसे. लेकीचं यंत्र आल्यावर त्यांना कुणी विचारेना. दुसरा एखादा खट्टू झाला असता. हा गडी उलट छाती काढून फिरू लागला. “आमच्या हेमाचा आकडा, मिनिटाला मिनिट!” असं चहाच्या टपरीवर दिवसातून दहादा ऐकवायचे. आई गेल्यापासून त्यांना तेवढंच एक कौतुक उरलं होतं.

आकडा भोंग्यावरून गेला तसा लगेच त्यांनी फोन करून विचारलं, “तेहतीस मिनिटं वारा पडणार, नक्की ना गो?”

“नक्की. पण बाबा, निवाऱ्यातून कुणी बाहेर पडायचं नाही. शपथ आहे माझी.”

“हो हो, बाय. मी काय आज जन्मलोय?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तो ‘हो हो’ जरा घाईचा होता, पण कामाच्या गडबडीत हेमांगीच्या ते लक्षात आलं नाही.

दहाच्या सुमारास पहिला वारा वाघवेळवर आदळला. तो डोंगराकडून आला, ताशी एकशे पंचावन्न किलोमीटरनं. धक्क्यावरच्या कॅमेऱ्यातून केंद्रात सगळं दिसत होतं. सुपारीच्या बागा बघता बघता आडव्या झाल्या. शाळेचे पत्रे उडून खाडीत पडले. मच्छी सुकवायच्या ओट्यांवरचे मांडव नाहीसे झाले. आणि खाडीचं पाणी! डोंगराकडच्या वाऱ्यानं ते समुद्राकडे असं लोटलं की अर्ध्या तासात खाडीचा तळ उघडा पडला. साठ-सत्तर नौका चिखलात कलंडून बसल्या.

मग अकरा वाजले. अकरा दहा. अकरा अकरा. पडद्यावरचं घड्याळ अकरा बारावर गेलं आणि वाघवेळच्या धक्क्यावरचा फाटका झेंडा फडफडता फडफडता खाली लोंबला. लख्ख ऊन पडलं.

“मिनिटाला मिनिट!” इम्तियाज ओरडला. लोक टेबलं बडवायला लागले. नानिवडेकर बाई कधी कुणाला जवळ घेत नसत, त्यांनी हेमांगीला मिठी मारली. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी खूश ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

“हेमा,” इम्तियाजचा आवाज उतरला. “ही माणसं कोण?”

धक्क्याच्या पायऱ्यांवरून माणसं उतरत होती. एक, दोन, दहा, वीस. पुरुषांच्या खांद्यावर दोरखंडांची वेटोळी. मागे बायका, डोक्यावर टोपल्या. सगळ्यात पुढे, लुंगी गुडघ्यावर खोचून, हात हलवत हुकूम सोडत निघालेला माणूस तिनं पाठमोरा ओळखला.

काय चाललंय ते तिला एका क्षणात कळलं. नौका डोंगराकडच्या वाऱ्याच्या बेतानं बांधलेल्या होत्या. दुसरा वारा समुद्राकडून येणार, म्हणजे दोर आणि नांगर उलट अंगाला फिरवायला हवेत. तेहतीस मिनिटांत होण्यासारखं काम. बाबांनी ते तिच्याच आकड्यावर आखलं होतं. आणि खाडीच्या तळावर शेंगटी, बोय, कोळंबी अशी मासळी तडफडत पडलेली. ती दिसल्यावर वाघवेळच्या बायका घरात बसणं शक्यच नव्हतं.

“बासष्ट,” इम्तियाजनं मोजली. “बासष्ट माणसं खाडीत आहेत. होईल का गं त्यांचं?”

“तेहतीस मिनिटांत होईल,” हेमांगी म्हणाली. तिच्या मनात हिशेब बसत होता.

आणि नेमकं तेव्हाच पाकोळ्यांनी नवी बातमी दिली. किनाऱ्यालगत तापलेल्या पाण्याचा एक पट्टा होता. त्यावरून जाताना ‘मेहराब’ला ऐन वेळी नवा जोर चढला आणि डोळा आकसू लागला. फुगडी घालताना दोघींनी हात आखडून घेतले की गरका कसा वाढतो, तसं. डोळा लहान, वारा जास्त. बारा किलोमीटरांचा डोळा सातावर आला होता. वाघवेळचा आकडा पडद्यावर बदलला. तेहतीसचे एकोणीस झाले. वारा अकरा एकतीसला येणार होता.

घड्याळात अकरा सतरा.

वाघवेळच्या भोंग्यातून हेमांगीचा आवाज आपोआप बोलला, “डोळा एकूण एकोणीस मिनिटांचा. अकरा एकतीसला वारा येईल. निवाऱ्यात परत या.” खाडीतल्या काही जणांनी मान वर करून भोंग्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. एकही माणूस पायऱ्यांकडे वळला नाही.

“बहिरे झालेत का हे!” हेमांगीनं मच्छीमारांच्या वायरलेसचं चॅनल उघडलं. वादळात उपग्रहावरून केंद्राला त्या चॅनलवर बोलता येत असे. “बाबा! बाबा, ऐकताय का? डोळा आकसलाय. तेहतीस नाही, एकोणीस मिनिटं आहेत सगळी!”

खरखर झाली आणि हरेश्वर तांडेलांचा खुशीतला आवाज आला. “ऐकलं गो, भोंग्यावर ऐकलं. एकोणीस ना? म्हणजे तीस तरी आहेत. निम्म्याच्या वर नौका फिरवून झाल्या बघ! तू चिंता नको करू.”

“तीस कुठले? एकोणीस!”

“अगो, तांडेलाची पोर तू. मला शिकवतेस होय?” ते हसले, आणि बाजूच्या कुणाला तरी ओरडले, “चला रे, अजून पुष्कळ वेळ आहे!”

सात वर्षांत हेमांगीच्या डोक्यात कधी आलं नव्हतं ते आता आलं. वाघवेळमध्ये तांडेल वेळ सांगतो, त्यात चोर असतो. तिथला हा शब्दच आहे. तांडेल म्हणणार, पाच मिनिटांत नौका सुटणार, आणि सुटणार वीस मिनिटांनी. म्हणणार, भरती चारला लागेल, आणि लागणार साडेचारला. मधली वेळ तांडेल लपवून ठेवतो, खलाशांच्या जिवाची काळजी म्हणून. आणि खलाशी ती मनातल्या मनात परत घालून घेतात. बाबा ‘निघालो’ म्हणून ओरडले की आई शांतपणे भात टाकायची, आणि तो शिजून, वाढून, जेवून व्हायचा, मग ते निघायचे. गावाला हेमांगीचं यंत्र पटलं होतं, पण तांडेलाच्या पोरीचं यंत्र म्हणून पटलं होतं. तेहतीस ऐकून त्यांनी पंचेचाळीस धरले होते. एकोणीस ऐकून तीस धरले. ती खरं सांगत होती आणि माणसं खऱ्यात भर घालत होती.

अकरा वीस. उरली अकरा मिनिटं. चिखलातून पायऱ्या, पायऱ्यांवरून निवारा, नऊ मिनिटांची वाट.

“मी अकरा म्हणाले तर हे वीस धरतील,” ती उठत म्हणाली. “मॅडम, मला भोंगा द्या. माझ्या तोंडानं बोलायचंय.”

नानिवडेकर बाईंच्या कपाळावर आठी आली. “काय बोलणार आहेस?”

“तीन मिनिटं.”

“पण तीन नाहीत ना! हेमांगी, नियम तुझा आहे. आज खोटा आकडा गेला तर उद्या अख्खा किनारा तुझ्या प्रत्येक आकड्यात चोर शोधेल. तूच सांगत होतीस मला. सात वर्षं पाण्यात जातील.”

“आणि घाईत त्या बायका चेंगरल्या तर पायऱ्यांवर?” इम्तियाज हळूच म्हणाला.

दोघांचंही बरोबर होतं. हेमांगीला तो आकडा जिवापेक्षा प्यारा होता, आणि खाडीत बासष्ट माणसं होती, त्यातला एक तिचा बाप. ती माईकवर वाकली, आणि शास्त्रज्ञाचा मऊ आवाज सोडून तिनं बापाचा, वाऱ्यावरून पलीकडच्या नौकेला हाक घालायचा आवाज काढला.

“वाघवेळकरांनो! तीन मिनिटं! दोर टाका, टोपल्या टाका! बायका आधी, एकामागे एक! तीन मिनिटं!”

भोंग्यावरून तो आवाज खाडीभर गेला, चॅनलवरून किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या निवाऱ्यांत गेला. क्षणभर खाडीतलं काहीच हललं नाही. मग वायरलेसवर बाबांचा आवाज आला, या वेळी त्यात हसू नव्हतं. “तीन? म्हणजे सहा-सात... अरे, टाका! सगळं टाका! पळा!”

आणि खाडी हलली! दोर जिथल्या तिथे पडले, टोपल्या उलटल्या, मासळी पुन्हा चिखलात. बायका पायऱ्यांवर, खरोखरच एकामागे एक, मागून पुरुष. इम्तियाज मोठ्यानं मोजत होता. वीस. चौतीस. एकावन्न. अकरा सत्तावीसला साठ माणसं धक्क्यावरून निवाऱ्याच्या चढाला लागली होती.

“दोघं राहिले. एकाचा पाय रुतलाय.”

दुसरा कोण ते सांगायला नकोच. लुंगीवाला रुतलेल्याच्या काखेत हात घालून ओढत होता. अकरा अठ्ठावीस. एकोणतीस. क्षितिजावर भिंत दिसू लागली, काळी, आभाळापर्यंत. “बाबा, सोडू नका, पण पळा हो, पळा!” ती पडद्यालाच सांगत होती. तिसाव्या मिनिटाला दोघं पायऱ्यांवर चढले. अकरा एकतीस होऊन वीस सेकंदांनी कॅमेरा डोळ्यांदेखत उपटला गेला आणि पडदा काळा झाला. वायरलेसही गप्प झाला.

पाकोळ्यांच्या आकड्यांवरून पुढचं कळत राहिलं. वारा समुद्राकडून, ताशी एकशे नव्वद. खाडीत आठ मिनिटांत तीन मीटर पाणी. हेमांगी टेबलाशी बसून राहिली. नानिवडेकर बाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला, तो निवून त्यावर साय आली. बाकीच्या गावांचे आकडे नियमानं जात होते, यंत्र बिनचूक चाललं होतं, आणि तिला त्याचं काहीएक वाटत नव्हतं.

दीड वाजता चॅनल खरखरलं.

“हेमा... हेमा, आहेस काय?”

“बाबा!” ती माईककडे झेपावली. इम्तियाजनं खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकली आणि सगळं केंद्र गोळा झालं.

“सगळे आत आहेत. बासष्टच्या बासष्ट. दिगंबरचा रुतलेला पाय मुरगळलाय. माझ्या पाठीला जरा खरचटलंय. नौका कितीशा राहतात बघायचं.” मागे वारा घोंघावत होता, पोरं रडत होती. “एक विचारू? घड्याळ होतं माझ्या हातात. तू तीन म्हणालीस, तेव्हापासून वारा यायला दहाच्या वर मिनिटं गेली. खरी किती होती?”

खोलीत नानिवडेकर बाई उभ्या होत्या. चॅनल उघडं होतं, आणि वादळात अडकलेला निम्मा किनारा त्यावर कान लावून बसला होता. हेमांगीनं डोळे पुसले.

“अकरा होती, बाबा.”

“आणि आधीची एकोणीस?”

“ती खरीच एकोणीस होती. त्यात चोर नव्हता. कधीच नव्हता. तुम्ही धरलात.”

हेमांगीला वाटलं, झालं, सगळं संपलं. ज्या माणसानं टपरीटपरीवर तिच्या आकड्याची द्वाही फिरवली, त्याच्याच तोंडून आता किनाऱ्याला कळणार, की पोरगी खोटं बोलते.

मग हरेश्वर तांडेलांनी खाकरून घसा साफ केला. “ऐका रे सगळे. चॅनलवर जे असाल ते ऐका. मी वाघवेळचा हरेश्वर तांडेल बोलतोय. आज आमच्या पोरीनं पहिल्यांदा खोटा आकडा सांगितला, तो माझ्यापायी. तिनं खरा सांगितला तेव्हा मी त्याच्यात माझ्या मनचे घातले आणि बासष्ट माणसं मरणाच्या दारात नेऊन उभी केली. तिची काही चूक नाही. सवय माझी. चाळीस वर्षं मी माझ्या खलाशांना वेळ चोरून सांगत आलो. त्यांना वाटायचं तांडेलाला वाऱ्याचं फार कळतं. कळत बिळत काही नव्हतं. भीती वाटायची, म्हणून राखून सांगायचो.”

चाळीस वर्षं सांभाळलेला आपला सगळा मान त्या माणसानं उघड्या चॅनलवर, भर वादळात, असा काढून ठेवला. हेमांगी तोंडावर ओढणी धरून रडत होती.

“तांडेल,” कुठल्या तरी दूरच्या निवाऱ्यातून एक दमलेला आवाज आला, “आम्हाला ठाऊक होतं ते.”

“मला पण,” दुसरा म्हणाला. मग तिसरा. आणि त्या भयंकर वाऱ्यात किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं हसायला लागली. हरेश्वरांनी एक शिवी हासडली आणि तेही हसले.

“हां, पुरे! आता आमच्या पोरीकडे लक्ष द्या. हेमा, हे वारं कधी थांबणार? नौका बघायला पोरं आत्ताच चुळबुळतायत.”

हेमांगीनं पडद्याकडे पाहिलं. मग नानिवडेकर बाईंकडे पाहिलं. बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

“तीन वाजून दहा मिनिटांनी, बाबा.”

“तीन दहा,” हरेश्वर तांडेलांनी चॅनलवर सगळ्यांना सांगितलं. “ऐकलंत ना? तीन दहा म्हणजे तीन दहा. दाराला मी स्वतः पाठ लावून बसलोय. तीन नऊला जो उठेल, त्याची तंगडी मोडीन.”